उडत्या तबकड्या आणि माझी साक्ष

२ एप्रिल २०२२, गुढीपाडव्याची संध्याकाळ. पावणेआठच्या सुमारास अकोल्यास मामांच्या गच्चीवर आम्ही सातजण बसलो होतो. एकाएकी आकाशातून पेटते गोळे एका रांगेत सरकत गेले. मामा म्हणाले, विमान पेटले. आजी म्हणाली, शेंडेनक्षत्र. मी तेव्हा शाळेत होतो. मी ओरडलो, उडती तबकडी! रात्री वहीत लिहूनही ठेवले : ‘सिगारसारखे लांब यान, बाजूस खिडक्यांची रांग, आवाज नाही.’

त्याच सुमारास चंद्रपूर जिल्ह्यात, सिंदेवाही तालुक्यातील लाडबोरी गावी, सुमारे तीन मीटर व्यासाचे धातूचे कडे येऊन पडले. फेब्रुवारी २०२१ मध्ये उडालेल्या चिनी ‘लाँग मार्च ३बी’ रॉकेटाचा हा तिसरा टप्पा असावा, असा अंदाज जोनाथन मॅक्डॉवेल या खगोलशास्त्रज्ञाने दिला. उल्का काही सेकंदांत विझते. कक्षेतून उतरणारा भंगार तुकडा तिच्याहून मंद, जवळजवळ आडवा येतो, फुटतो आणि बराच वेळ दिसत राहतो.

म्हणजे यान नव्हतेच. मग माझ्या खिडक्या कोठून आल्या? मामेभावाच्या मोबाईलमधील चित्रण मी पुन्हा पुन्हा पाहिले. सुटे तुकडे, प्रत्येकाला शेपूट, मधे नुसता अंधार. मी खोटे लिहिले नव्हते, हेच मला अधिक बोचले.

पुढे मानसशास्त्र विषय घेतल्यावर कळले की या चुकीत मी एकटा नाही. ३ मार्च १९६८ रोजी ‘झाँड-४’ या रशियन यानाच्या प्रक्षेपणातील अवशेष अमेरिकेवर जळत गेले. पुष्कळांनी वर्णन बरोबर केले. काहींनी मात्र खिडक्या असलेले सिगारच्या आकाराचे यान पाहिल्याचे कळविले. कोलोरॅडो विद्यापीठात एडवर्ड काँडन यांच्या समितीने या साक्षींचा अभ्यास केला. सुटे दिवे एका रेषेत चालले की मन त्यांच्याभोवती यानाचे अंग उभे करते.

अमेरिकन हवाई दलाच्या ‘प्रोजेक्ट ब्ल्यू बुक’ची १९६९ मध्ये समाप्ती झाली, तेव्हा १९४७ पासूनच्या १२,६१८ नोंदींपैकी ७०१ उलगडल्या नव्हत्या. तबकडीचे भक्त याच आकड्यावर बोट ठेवतात. माझ्या मते त्या नोंदी उलगडल्या नाहीत, एवढेच त्यावरून सिद्ध होते; तथापि त्या हसण्यावारी नेणेही मला पटत नाही.

कोणास असे काही दिसले तर इतरांशी बोलण्यापूर्वी लिहून काढावे. घड्याळ पाहावे. उंची आणि आकार सांगण्याच्या भरीस पडू नये. वस्तू किती मोठी हे ठाऊक नसता ती किती दूर आहे हे रात्रीच्या आकाशात डोळ्यांस कळत नाही. हात लांब करून मूठ धरली तर ती आकाशाचा सुमारे दहा अंशांचा भाग झाकते. क्षितिजापासून किती मुठी, ते मोजावे. दिशा झाडाच्या, घराच्या खुणेने लक्षात ठेवावी.

गेल्या दिवाळीत मी गच्चीवरच्या साऱ्यांना वेगवेगळे बसवून त्या संध्याकाळची हकीकत विचारली. मामांच्या सांगण्यात आता विमान उरलेच नाही. चित्रण त्यांनीही पाहिले आहे. आजीने ते पाहिलेले नाही. ती अजून शेंडेनक्षत्रच म्हणते. पण शेजारच्या पाण्याच्या टाकीपासून कडुनिंबाच्या शेंड्यापर्यंत तिने हात फिरवून दाखविला, आणि चित्रणाशी ताडून पाहता सातजणांत तिचाच मार्ग बरोबर निघाला.