पापणी, चेतापेशी आणि मण्यार

मराठीतले काही वाक्प्रचार थेट शरीरशास्त्राचा धडा सांगतात. ‘डोळ्याचे पाते लवते न लवते तोच’, ‘तोंडाला पाणी सुटले’, ‘अंगावर काटा आला’. या तिन्ही गोष्टी आपण ठरवून करत नाही, त्या होतात. ज्यांनी हे शब्दप्रयोग घडवले त्यांनी चेतापेशी कधी पाहिली नव्हती. पण शरीरात काही कामे आपल्याला न विचारताच उरकली जातात, हे त्यांनी नेमके टिपले होते. शास्त्रात अशा कामांना प्रतिक्षिप्त क्रिया म्हणतात. हा लेख त्यांच्याविषयी आहे. आणि शेवटी, पापणी लवायची तिथे ती खालीच राहिली तर काय समजावे, याविषयीही.

भट्टीवरचा हात

मार्च-एप्रिल म्हणजे पेडणे, डिचोलीकडे काजूचा हंगाम. बोंडूचा रस निघतो, भट्ट्या पेटतात. समजा, काम करताना एखाद्याचा हात तापलेल्या भाणाला लागला. काय होते? हात झटकन मागे येतो. ‘आई गं!’ नंतर येते आणि खरी जळजळ त्याच्याही नंतर.

हा क्रम असा का? बोटाच्या त्वचेतल्या चेतापेशीच्या टोकांना उष्णता जाणवते. निरोप हातातून वर मानेकडे, पाठीच्या कण्यातल्या मेरुरज्जूत पोहोचतो. तिथे मधल्या चेतापेशी तो घेतात आणि दंडाच्या स्नायूकडे जाणाऱ्या चेतापेशींना हुकूम देतात: ‘ओढ!’ त्याच वेळी हात सरळ करणाऱ्या स्नायूला ‘सैल सोड’ असाही हुकूम जातो, नाहीतर दोघांची ओढाताण झाली असती. मेंदूलाही खबर जाते, पण ती पोहोचून तिचा अर्थ लागेपर्यंत हात सुटलेला असतो.

जळजळ उशिरा येते त्याचे कारण वेगळे आहे. सगळे चेतातंतू सारख्या वेगाचे नसतात. मायलिनचे जाड वेष्टन असलेले तंतू सेकंदाला 100 मीटरपर्यंत निरोप नेतात. रेंगाळणाऱ्या वेदनेचे बारीक, बिनवेष्टनाचे तंतू मात्र सेकंदाला जेमतेम एक-दोन मीटर. आपण चालतो साधारण तेवढ्याच वेगाने!

मग मेंदूला काहीच अधिकार नाही का? आहे. गरम पेजेचे मडके उचलून नेताना आईचे हात भाजतात, पण शेजारी मूल खेळत असेल तर ती मडके टाकत नाही. तिचा मेंदू वरून हुकूम पाठवून मेरुरज्जूची घाई रोखून धरतो. प्रतिक्षिप्त क्रिया आंधळी असली तरी ती मेंदूच्या अंकुशाबाहेर नाही.

निरोप म्हणजे नेमके काय?

माणसाच्या मेंदूत सुमारे 8,600 कोटी चेतापेशी आहेत. प्रत्येकीचे मुख्य भाग तीन: निरोप घेणाऱ्या फांद्या म्हणजे वृक्षिका, पेशीचे शरीर आणि निरोप पुढे नेणारा लांब अक्षतंतू. कमरेपासून पायाच्या अंगठ्यापर्यंत जाणारा अक्षतंतू जवळजवळ एक मीटर लांब असतो, आणि तो एकाच पेशीचा भाग असतो.

या तंतूतून वीज जाते असे आपण सहज म्हणतो, पण ती घरातल्या तारेतल्यासारखी नव्हे. पेशीच्या आत पोटॅशियम जास्त, बाहेर सोडियम जास्त, आणि आतली बाजू बाहेरच्या मानाने सुमारे 70 मिलिव्होल्ट ऋण. निरोप आला की पेशीपटलातली सोडियमची दारे उघडतात, सोडियम आत घुसतो आणि क्षणभर आतली बाजू धन होते. लगेच पोटॅशियम बाहेर पडून पूर्वस्थिती येते. हे सारे एका सेकंदाच्या हजाराव्या भागात. तेवढ्यात पुढची दारे उघडलेली असतात. दर टप्प्यावर निरोप नव्याने तयार होतो, म्हणून मीटरभर जाऊनही तो क्षीण होत नाही.

दुसरी गोष्ट लक्षात ठेवा. हा आवेग लहान-मोठा नसतो. उमटला तर पुरा, नाहीतर नाहीच. हलका स्पर्श आणि जोराचा चिमटा यांतला फरक सेकंदाला किती आवेग आले यावरून कळतो.

मधली फट

स्पेनचे सांतियागो रामोन इ काहाल यांनी दाखवून दिले की चेतापेशी सलग जाळे नसून सुट्या सुट्या पेशी आहेत. त्यांना 1906 चे नोबेल मिळाले. मग निरोप एकीकडून दुसरीकडे जातो कसा? दोन पेशींच्या या सांध्याला चार्ल्स शेरिंग्टन यांनी 1897 मध्ये ‘सिनॅप्स’ हे नाव दिले. आपल्या पुस्तकांत त्याला संपर्कस्थान म्हणतात.

उत्तर 1921 मध्ये ऑटो लोवी यांनी बेडकाच्या दोन हृदयांवर केलेल्या प्रयोगातून मिळाले. एका हृदयाची चेता उद्दीपित केल्यावर त्याची धडधड मंदावली. त्याच्या भोवतीचे द्रव दुसऱ्या हृदयावर टाकले, तर तेही मंदावले. म्हणजे निरोप फटीतून रसायनाच्या रूपाने जातो! ते रसायन होते ॲसिटिलकोलीन.

आपल्या हातापायांच्या स्नायूंनाही हेच रसायन हलवते. अक्षतंतूच्या टोकाशी ॲसिटिलकोलीनच्या बारीक पिशव्या असतात. आवेग आला की त्या फुटतात, रसायन फट ओलांडते, पलीकडे स्नायूवरच्या ग्राहकांत बसते आणि स्नायू आकुंचतो. ही फट मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही कितीतरी लहान. पण आपले बोलणे, गिळणे, पापणी उचलणे आणि श्वास घेणे हे सगळे तिच्यावर अवलंबून असते.

जिथे दुखत नाही

आता पावसाळ्यातली रात्र डोळ्यांसमोर आणा. घरात जमिनीवर अंथरूण. मण्यार हा निशाचर साप उंदीर, पाली, दुसरे साप यांच्या मागावर घरात शिरतो. झोपेत कूस बदलताना माणसाचा धक्का लागतो आणि तो चावतो.

त्याचे दात इतके बारीक की खूण कधी दिसतही नाही. सूज नाही, फारशी वेदना नाही. भट्टीवर हात लागला तेव्हा वेदनेने आपल्याला वाचवले होते. इथे धोक्याचा निरोपच येत नाही. माणूस ‘डास असेल’ म्हणून पुन्हा झोपतो. पहाटे पोटात दुखू लागते. मग पापण्या जड होतात, एकाचे दोन दिसते, थुंकी गिळता येत नाही, बोलणे अडखळते. शेवटी हातपाय आणि श्वासाचे स्नायू थांबतात.

मण्यारीचे विष अक्षतंतूच्या टोकावर हल्ला करते. पिशव्या रिकाम्या होतात आणि टोकच निकामी होते. मेंदू ‘श्वास घे’ म्हणतो, तंतूतून आवेगही धावतो, पण फटीत रसायन उतरत नाही. नागाचे विष फटीच्या पलीकडच्या ग्राहकांना चिकटून बसते. म्हणून नागाच्या दंशात ॲसिटिलकोलीन जास्त वेळ टिकवणारे निओस्टिग्मिन हे औषध डॉक्टरांना पुष्कळदा उपयोगी पडते. मण्यारीच्या दंशात ते सहसा नाही. रसायन सुटतच नाही, तर टिकवायचे काय?

गंमत अशी, की स्नायूवरचे हे ग्राहक ओळखायला मण्यारीच्याच कुळाने मदत केली. तैवानमध्ये चांग आणि ली यांनी 1963 मध्ये तिथल्या मण्यारीच्या विषातून एक घटक वेगळा केला. तो ग्राहकांना घट्ट चिकटतो, म्हणून पुढे त्याच्याच साहाय्याने ते वेगळे काढता आले.

वेळ कशासाठी महत्त्वाचा

आपल्याकडचे प्रतिसर्पविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांविरुद्ध चालते. पण ते रक्तात फिरणारे विष निकामी करते. मोडलेले चेताटोक ते जोडू शकत नाही. टोक पुन्हा वाढायला दिवस लागतात, आणि तोवर रुग्णाचा श्वास यंत्राने चालवावा लागतो. म्हणून दर तास मोलाचा. अशा अवस्थेत डोळे मिटलेला, न हलणारा रुग्ण मेलेला वाटतो, पण त्याला कदाचित सगळे ऐकू येत असते. त्याच्यापाशी ‘आता काही उरलं नाही’ असे बोलू नका.

घाडी-मांत्रिकाकडे गेलेले बरे झाले, असे गावात कुणीतरी सांगतोच. ते खोटेच असते असे नाही. बरेच साप बिनविषारी असतात, आणि विषारी साप चावला तरी दर वेळी विष सोडतोच असे नाही. ते लोक कसेही वाचलेच असते. पण मण्यारीचे विष चढत असेल तर तिथे गेलेला वेळ परत मिळत नाही.

म्हणून एवढे करा. घट्ट आवळून बांधू नका, चिरू नका, चोखू नका. चावलेला भाग हलू देऊ नका, 108 ला फोन करा, आणि प्रतिसर्पविष व श्वासयंत्र दोन्ही असलेल्या रुग्णालयात लवकरात लवकर न्या. पावसाळ्यात शक्यतो खाटेवर झोपा, मच्छरदाणी गादीखाली नीट खोचा, रात्री बाहेर जाताना बॅटरी घ्या.

आणि सकाळी घरातले कुणी पोटात दुखतेय म्हणाले आणि त्याच्या पापण्या उघडत नसतील, तर ‘झोप झाली नाही’ म्हणून सोडून देऊ नका. आधी विचारा, रात्री कुठे झोपला होतास?

विचार करा

1. भाणाला लागलेला हात मागे घेताना मेंदूला खबर उशिरा का मिळते?
2. नाग आणि मण्यार दोघांच्या विषाने स्नायू लुळे पडतात, तरी एकच औषध दोघांना का लागू पडत नाही?
3. घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून न ठरवता होणाऱ्या क्रियांचे आणखी पाच वाक्प्रचार लिहा, आणि प्रत्येकामागची क्रिया ओळखा.