भाड्याचा फ्लॅट : करार, डिपॉझिट आणि लाइटबिल

मालेगाव-भिवंडीकडून धंद्यासाठी मुंबई-ठाण्याला जाणाऱ्या आपल्या पोरांच्या हातात कापडाचा ताका द्या, ते बोटांनी चाचपून सूत सांगतील. पण घराच्या कराराचा कागद हातात आला की थेट शेवटचे पान उघडून सही करतात. माझ्या भाच्याने हेच केले. मुंब्र्यात दोन खोल्यांचा फ्लॅट, ‘हेवी डिपॉझिट’ चार लाख, भाडे काही नाही, फक्त लाइटबिल भरायचे. कागद साधा स्टॅम्पपेपर आणि वर नोटरीचा शिक्का. आठव्या महिन्यात दारावर बँकेची नोटीस चिकटली. मालकाने त्याच फ्लॅटवर कर्ज काढून हप्ते थकवले होते. चार लाखांपैकी दीड लाख हाती आले, बाकीचे अजून वायद्यावर आहेत. ती रक्कम म्हणजे दुकानाची पुंजी होती. त्या वर्षी रमजानचा माल सगळा उधारीवर उचलावा लागला. म्हणून व्यापारी आणि कारीगर बंधूंसाठी हा मसला जरा तपशिलाने मांडतो.

प्रथम करार. अकरा महिन्यांचा कागद असला तर नोंदणी लागत नाही, हा आपल्याकडे पक्का समज आहे. तो महाराष्ट्रात चुकीचा आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ हा ३१ मार्च २००० पासून लागू आहे. त्याच्या कलम ५५ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्स करार, मुदत कितीही असो, लेखी आणि नोंदणीकृतच हवा. नोंदणी करून घेण्याची जबाबदारी मालकाची आहे. ती केली नाही तर अटींबाबत वाद झाल्यावर, उलट सिद्ध होईपर्यंत, भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाते. मालकाला शिक्षेचीही तरतूद आहे. मालक ‘नोटरी पुरे’ म्हणाला तर हे कलम त्याला अदबीने सांगावे. दुसरी बाजूही ध्यानात ठेवावी : कलम २४ प्रमाणे मुदत संपूनही जागा सोडली नाही तर दुप्पट दराने भरपाई द्यावी लागते. हा पागडीचा गाळा नव्हे, की बाप गेला तर मुलगा बसला.

खर्च म्हणाल तर फार नाही. मुद्रांक शुल्क एकूण भाड्याच्या पाव टक्का, आणि परत मिळणाऱ्या डिपॉझिटवर वर्षाला १० टक्के व्याज कल्पून ती रक्कम भाड्यात मिळवायची. समजा भाडे २० हजार, डिपॉझिट एक लाख, मुदत ११ महिने. तर शुल्क पावणेसहाशेच्या आसपास येते. महापालिका हद्दीत नोंदणी फी एक हजार. एवढ्यासाठी लोक लाखांची अमानत उघड्यावर टाकतात! आता ही नोंदणी ऑनलाइन होते, एजंट घरी येऊन अंगठा घेतो.

डिपॉझिट देण्याआधी फ्लॅटचा मालक कोण आणि त्यावर बोजा आहे का, हे पाहावे. नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर सूची क्रमांक २ काढता येते. सोसायटीच्या ऑफिसात सेक्रेटरीला विचारले तर बँकेचे पत्र आलेले आहे की नाही ते समजते. भाच्याने हे विचारले असते तर पाच मिनिटांत कळले असते. पैसे चेकने किंवा बँकेतून द्यावेत आणि आकडा करारात लिहून घ्यावा. ‘हेवी डिपॉझिट’वर बिनभाड्याने राहणे सुदात येते का, हे ज्याने-त्याने आपल्या मुफ्तीसाहेबांना विचारावे. माझे म्हणणे निव्वळ व्यापाऱ्याचे आहे : ते तुम्ही मालकाला बिनतारण दिलेले कर्ज आहे.

आता कमाईचा पुरावा. नोकरदार पगाराची पावती दाखवतो, आपल्याकडे ती नाही. दोन-तीन वर्षांचे आयकर रिटर्न, दुकानाचा गुमास्ता, जीएसटीचा दाखला, करंट खात्याचा उतारा एवढी फाइल तयार ठेवावी. कारीगरांनी निदान उद्यम नोंदणी करावी. ती फुकट होते. एक सूचना : करार स्वतःच्या नावाने, कुटुंबाच्या राहण्यासाठी करावा. जीएसटी नोंदणी असलेल्या दुकानदाराला अशा घरभाड्यावर १ जानेवारी २०२३ पासून माफी आहे. हाच करार फर्मच्या नावाने झाला की १८ टक्के जीएसटी आपल्यालाच भरावा लागतो.

किती भाडे झेपते? उत्पन्नाच्या तिसऱ्या हिश्शाचा नियम पगारदाराचा आहे. आपला हिसाब वेगळा. समजा निव्वळ नफा दोन महिने ८० हजार, सहा महिने ३५ हजार आणि चार मंदीचे महिने २० हजार. वर्षाचे साडेचार लाख, सरासरी साडेसदतीस हजार. तिसरा हिस्सा साडेबारा हजार, वर लाइट-गॅस तीन हजार. मंदीच्या महिन्यात हातात उरतात साडेचार हजार, आणि घरखर्च पंधरा हजार! म्हणजे चार महिन्यांत ४२ हजारांची तूट. ती दोन तेजीच्या महिन्यांतच बाजूला काढता आली तर हे भाडे घ्यावे, नाहीतर लहान जागा बघावी. २०१५ ला रमजान जून-जुलैत होता, पावसाळा धकून गेला. २०२५ ला तो मार्चमध्ये आला आणि पावसाळा कोरडा गेला. जुन्या वहीवरून भाडे ठरवू नये.

लाइटबिल. मुंबई शहरात बेस्ट, उपनगरात अदानी किंवा टाटा, मुलुंड-भांडुपला महावितरण, मुंब्रा-कळव्यात २०२० पासून आणि भिवंडीत २००७ पासून टोरेंट. युनिट वाढले की दराचा टप्पाही चढतो. मालक सबमीटर लावून ‘युनिटला अमुक’ म्हणत असेल तर मूळ बिल मागावे. मागची थकबाकी कुणाचीही असो, मीटर कापला की अंधार तुमच्या घरात. घरात शिलाई-जरीची मशीन लावणाऱ्यांनी विशेष सांभाळावे. लहान घरगुती धंद्याला वीज नियामक आयोगाच्या दरपत्रकात मर्यादेपर्यंत घरगुती दर मिळतो; त्यावर गेल्यास वीज कायदा २००३ च्या कलम १२६ खाली दुप्पट दराने आकारणी होऊ शकते. शिवाय करारात ‘फक्त राहण्यासाठी’ लिहिलेले असते, तेव्हा मशीनची गोष्ट मालकाशी आधी बोलून लिहून घ्यावी. सोसायटीचे बिनभोगवटा शुल्क सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही, आणि ते भरायचे मालकाने.

नाव ऐकल्यावर ‘जागा आत्ताच गेली’ असे उत्तर मलाही दोनदा मिळाले आहे. मी आता पहिल्याच फोनवर पूर्ण नाव सांगतो, निदान गाडीभाडे वाचते. ‘सोसायटी परवानगी देत नाही’ म्हणणाऱ्या मालकाला मात्र सांगावे की नमुना उपविधीप्रमाणे सभासदाला फ्लॅट भाड्याने द्यायला सोसायटीची पूर्वपरवानगी लागत नाही, कळवावे लागते. पोलीस ठाण्यात भाडेकरूची माहिती मालकाने द्यायची. तिची पोच आपल्याकडेही ठेवावी.

चावी घेण्याच्या दिवशी मीटरच्या आकड्याचा, गॅसच्या मीटरचा, नळांचा आणि भिंतींवरच्या ओलीचा मोबाइलवर फोटो काढून त्याच वेळी मालकाला पाठवावा. भाच्याने नव्या घरात हे सगळे केले. भाडे साडेनऊ हजार, करार नोंदवलेला, डिपॉझिट तीस हजार, तेही चेकने.