विहिरीचे पाणी : पाक असणे आणि निर्धोक असणे

पवित्र कुरआनातील सूरह अल्-मुअ्मिनूनच्या १८व्या आयतीत पावसाविषयी एक सूक्ष्म गोष्ट आली आहे. अल्लाह आकाशातून पाणी ठरावीक मापाने उतरवितो, ते जमिनीत ठेवतो आणि ते नाहीसे करण्याचे सामर्थ्यही त्याच्याकडेच आहे, असा तिचा आशय. भूजलाचे वर्णन याहून थोडक्यात करणे अवघड आहे. पाणी मोजून मिळते, ते ठेव म्हणून राहते आणि ठेव परतही घेतली जाऊ शकते.

हे माप ओळखणारे एक गाव आपल्याच अहिल्यानगर जिल्ह्यात आहे. हिवरे बाजारात पाऊस वर्षाकाठी सुमारे ४०० मिलिमीटर, आणि तोही बेभरवशाचा. १९७२च्या दुष्काळानंतर गावातील माणसे रोजगारासाठी बाहेर पडू लागली होती. १९८९मध्ये पोपटराव पवार सरपंच झाले आणि गावाने श्रमदान, कुऱ्हाडबंदी व चराईबंदी स्वीकारली. डोंगरउतारावर चर खोदले, बंधारे घातले. (पोपटरावांना २०२०चा पद्मश्री पुरस्कार जाहीर झाला.) मला त्याहून महत्त्वाचा वाटतो तो गावाचा पाण्याचा ताळेबंद. पाऊस मोजायचा, उपलब्ध पाण्याचा हिशेब ग्रामसभेत मांडायचा, त्यातून माणसांचे व जनावरांचे पिण्याचे पाणी आधी बाजूला काढायचे आणि मगच पिके ठरवायची. शेतीसाठी कूपनलिका नाही, ऊस आणि केळी नाही. या गावात एकच मुस्लिम कुटुंब असून त्याच्यासाठी गावाने मशीद बांधली, हेही वाचकांना ठाऊक असेल.

सूरह अल्-कमरमध्ये समूदच्या लोकांना पाणी वाटून घेण्याची आज्ञा झाल्याचा उल्लेख आहे. एक पाळी सांडणीची, एक त्यांची. त्यांनी ती पाळी मोडली आणि त्यांचे काय झाले ते आपण जाणतो. ग्रामसभेत ठरलेली पाळी पाळणे ही केवळ सरकारी शिस्त नव्हे, हे आपल्या घरांत बोलले गेले पाहिजे.

येथवर पाण्याच्या प्रमाणाचा विचार झाला. परंतु भरलेल्या विहिरीचे पाणी पिण्यायोग्य असेलच असे नाही, आणि येथे आपल्यापैकी काहींच्या मनात एक गोंधळ आढळतो. मदीनेतील बिअर-ए-बुदाआ या विहिरीत घाण पडत असे. तिच्या पाण्याविषयी विचारले असता प्रेषित मुहम्मद (स.) यांनी ते पाक असल्याचे सांगितले, असे हदीसमध्ये आले आहे. या हदीसचा आधार घेऊन कोणी म्हणतो, ‘मौलाना, पाणी स्वच्छ दिसते, वास नाही, मग तपासणी कशाला?’ हनफी फुकहांनी या हदीसचा अर्थ लावताना त्या विहिरीचे पाणी बागांकडे वाहते होते, याकडे लक्ष वेधले आहे. शिवाय तो प्रश्न तहारतीचा होता. वुजूसाठी पाणी पाक आहे का, हा एक हुकूम. ते प्यायल्याने मूल आजारी पडेल का, हा दुसरा प्रश्न. पहिल्याचे उत्तर रंग, चव आणि वास यांवरून मिळते. दुसऱ्याचे उत्तर पुष्कळदा या तिन्हींतून मिळत नाही.

नायट्रेटचेच पाहा. खत, उकिरडा, गोठा आणि शौचालयाचा खड्डा यांतून ते झिरपते. पाण्याला रंग येत नाही, वास येत नाही. भारतीय मानकानुसार त्याची मर्यादा लिटरमागे ४५ मिलिग्रॅम आहे. त्याहून अधिक असलेल्या पाण्यात दूध कालवून तान्ह्या बाळाला पाजले, तर त्याच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची शक्ती घटू शकते. पाणी उकळल्याने नायट्रेट जात नाही. पाणी आटते आणि त्याचे प्रमाण उलट वाढते. आई मात्र उकळून पाजले म्हणून निर्धास्त असते.

विहीर आणि सांडपाण्याचा खड्डा यांत किती अंतर असावे, हा प्रश्न आपल्या फुकहांनी शेकडो वर्षांपूर्वी हाताळला आहे. कोणी पाच हात सांगितले, कोणी सात. परंतु ग्राह्य मत असे की, घाणीचा परिणाम विहिरीत उतरणार नाही इतके अंतर असावे, कारण जमीन कोठे भुसभुशीत असते, कोठे कठीण. ही दृष्टी आजही उपयोगी आहे. आपल्याकडचा काळा बेसॉल्ट वरून कठीण दिसतो. पण त्याच्या भेगांतून खड्ड्यातले पाणी दूरवर पोहोचते. म्हणून शोषखड्डा खोदताना उतार आणि खडक दोन्ही पाहावेत. तसेच पाणवठ्यावर मलमूत्रविसर्जन करणे हे शापास कारण ठरणाऱ्या कृत्यांत गणले आहे. पाणवठ्याच्या वरच्या अंगाला खड्डा खोदणारा त्यापासून फार दूर नाही.

जंतूंसाठी गावात टीसीएल पावडर टाकतात. १००० लिटर पाण्याला चांगल्या प्रतीची पावडर साधारण अडीच ग्रॅम लागते, आणि पाणी सोडण्याआधी किमान अर्धा तास थांबावे लागते. उघड्या पोत्यात ओलावलेली पावडर निरुपयोगी ठरते. नळाच्या पाण्यात औषधाचे थेंब टाकल्यावर पिवळी छटा आली, तर क्लोरीन शिल्लक आहे असे समजावे. ते लिटरमागे निदान ०.२ मिलिग्रॅम हवे. वास येतो म्हणून जलसुरक्षकाला पावडर टाकू न देणारी मंडळी आहेत. त्यांनी लक्षात घ्यावे की, पाक वस्तू मिसळूनही पाण्याचा पातळपणा आणि त्याचे ‘पाणी’ हे नाव कायम असेल, तर वुजू व गुस्ल दुरुस्त आहेत. क्लोरीनचा वास त्याला बाधक नाही.

आता सदका-ए-जारियाविषयी. हजरत सअद बिन उबादा (रजि.) यांनी दिवंगत आईच्या नावे विहीर खोदविली, तेव्हापासून ही सुंदर परंपरा चालत आली आहे. आज तिने कूपनलिकेचे रूप घेतले आहे. परंतु बांगलादेशचा अनुभव विसरू नये. जंतूंपासून वाचविण्यासाठी तेथे लाखो कूपनलिका खोदल्या गेल्या. १९९३मध्ये त्यांच्या पाण्यात आर्सेनिक असल्याचे निष्पन्न झाले. हेतू नेक होता, पण पाणी आधी तपासले गेले नव्हते. आपल्याकडे यवतमाळ आणि चंद्रपूर जिल्ह्यांत अशाच खोल पाण्यातून फ्लोराइड वर आले.

शिवाय शेजारच्या विहिरीचा हक्कही आहे. शरीअतने पडीक जमिनीतील विहिरीभोवती चाळीस हातांचे राखीव क्षेत्र, म्हणजे हरीम, मानले आहे. महाराष्ट्रात १९९३च्या कायद्याने सार्वजनिक पेयजल स्रोताच्या ५०० मीटरच्या आत परवानगीविना विहीर खोदण्यास मनाई केली. दोहोंच्या मुळाशी एकच विचार आहे : माझ्या खोदण्याने दुसऱ्याचे पाणी आटता कामा नये.

तेव्हा आई-वडिलांच्या नावे कूपनलिका देणाऱ्याने आधी ग्रामपंचायतीला विचारावे आणि पाणी लागल्यावर नमुना भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या प्रयोगशाळेत द्यावा. रासायनिक तपासणी वर्षातून एकदा आणि जंतूंची पावसाळ्याआधी व नंतर, इतकी तजवीज देणगीतच ठेवावी. अहवालात नायट्रेट किंवा फ्लोराइड जादा निघाले, तरी तेच पाणी मशिदीत वुजूसाठी खुशाल वापरावे. फक्त नळाशेजारी ‘पिण्यासाठी नाही’ अशी ठळक पाटी लावावी आणि पिण्याच्या पाण्याची सोय वेगळी करावी.