गेल्या वर्षी मी केलं तरी काय?

प्रश्न : माझी मुलगी म्हणते, नव्या वर्षाचे संकल्प करण्याआधी सरत्या वर्षात काय काय जमलं ते लिहून काढ. कागद घेऊन बसले. चार ओळी झाल्या आणि पेन अडलं. राहून गेलेल्या कामांनी मात्र पान भरलं. मी खरंच काही केलं नाही, की मला आठवत नाही? आणि आपणच आपली पाठ थोपटून पुढच्या वर्षाचं काय भलं होणार? ता. क. हे १ जानेवारीला करायचं की पाडव्याला?
– एक वाचक, मिरज

उत्तर : तुमच्या शंका दोन आहेत. आठवत का नाही, ही पहिली. आणि आठवून उपयोग काय, ही दुसरी. पहिलीचं उत्तर ऐकून तुम्हाला बरं वाटेल. दुसरीत तुमच्या मुलीचं म्हणणं अर्धंच बरोबर निघतं, तेव्हा ते तिला बेतानं सांगा.

वर्षभरात काही केलंच नाही असं वाटणं हा बहुतेक आठवणीचा दोष असतो. ब्लूमा झायगार्निक या मानसशास्त्रज्ञ बाईंनी बर्लिनमध्ये केलेले प्रयोग १९२७ मध्ये प्रसिद्ध झाले. लोकांना छोटी छोटी कामं दिली, त्यातली काही मध्येच थांबवायला लावली आणि नंतर विचारलं, काय काय केलंत? पुरी झालेल्या कामांपेक्षा अर्धवट राहिलेली जास्त आठवली. पुढे इतरांनी हे प्रयोग करून पाहिले तेव्हा दर वेळी तसाच निकाल आला नाही, म्हणून याला नियम म्हणू नये. पण राहिलेलं काम डोक्यात टोचत राहतं आणि झालेलं विस्मरणात जातं, हे कुठल्याही गृहिणीला प्रयोगाशिवाय माहीत असतं.

त्यात भर पडते ती ‘जमलं’ या शब्दाबद्दलच्या आपल्या समजुतीची. बक्षीस, बढती, नवं घर, मुलाचे नव्वद टक्के अशी पेढे वाटण्याजोगी गोष्टच आपण धरतो. बाकीचं सगळं ‘ते काय, करावंच लागतं’ या खात्यात जातं. तुमचं पेन चार ओळींवर अडलं त्याचं कारण बहुधा हेच.

म्हणून आठवणीला विचारूच नका, कागदांना विचारा. बँकेचं पासबुक काढा. दर महिन्याला जाणारा एखादा हप्ता मध्येच दिसेनासा झाला असेल, तर ते कर्ज फिटलं. त्या दिवशी हायसं वाटलं असेल, पुढच्या आठवड्यात विसरलाही असाल. भिंतीवरचं जुनं कॅलेंडर टाकून देऊ नका. दुधाचे खाडे आणि सिलिंडर लावल्याच्या तारखा असतात ना, तेच. सलग आठ-दहा दिवस खाडे दिसले तर घरात कोणी नव्हतं. का नव्हतं? सहलीला गेला असाल, किंवा कोणाच्या तरी ऑपरेशनसाठी दवाखान्यात मुक्काम असेल. तो तुम्ही निभावला असेल तर तोही लिहा. मग मोबाइलमधले फोटो महिन्यामहिन्यानं मागे सरकवत पाहा. तासाभरात पान भरतं.

आता दुसरी शंका. पाठ थोपटून माणूस सैल पडतो ही तुमची भीती अगदीच पोकळ नाही. आयलेट फिशबाख आणि रवी धर या संशोधकांनी २००५ मध्ये एक गमतीदार प्रयोग मांडला. वजन कमी करू पाहणाऱ्यांना आपलं वजन हव्या असलेल्या वजनापासून किती दूर आहे, ते एका पट्टीवर खूण करून दाखवायचं होतं. काहींची पट्टी २५ पौंडांपर्यंत होती, काहींची पाचच. लांब पट्टीवर तेवढीच तफावत चिमुकली दिसली आणि लोकांना वाटलं, आपण बरेच पुढे आलो! निघताना सफरचंद किंवा चॉकलेट यांपैकी एक घ्यायला सांगितलं. लांब पट्टीवाल्यांपैकी ८५ टक्क्यांनी चॉकलेट उचललं, आखूड पट्टीवाल्यांपैकी ५८ टक्क्यांनी. ‘एवढं केलं, आता थोडं चालेल’ हे आपलं घरगुती तत्त्वज्ञान तिकडेही आहे.

मग मागे पाहायचं कशाला? अंदाज सुधारण्यासाठी. १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या कॅनडातल्या एका अभ्यासात विद्यार्थ्यांना विचारलं होतं, तुमचा प्रबंध किती दिवसांत पुरा होईल? सरासरी उत्तर आलं ३४ दिवस. सगळं बिघडलं तर? ४९. प्रत्यक्षात लागले सुमारे ५५! पुढे काय करायचं याचा बेत आखताना माणूस मागे काय घडलं ते पाहतच नाही. याच संशोधकांनी दुसऱ्या एका प्रयोगात काहींना नुसत्या जुन्या कामांच्या आठवणी काढायला लावल्या. अंदाज पहिल्याइतकेच भाबडे राहिले. ज्यांना त्या आठवणी हातातल्या कामाशी जोडून पाहायला लावलं, त्यांचेच अंदाज ताळ्यावर आले. तुमच्या मुलीच्या सल्ल्यात राहून गेलेला अर्धा भाग तो हा.

व्यापारी नवी वही उघडतो तेव्हा पहिल्या पानावर स्वतःचं कौतुक लिहीत नाही, मागची शिल्लक ओढतो. तुम्हीही यादीतल्या प्रत्येक ओळीपुढे दोनच गोष्टी लिहा : हे कशामुळे जमलं आणि किती दिवस लागले. समजा, फेब्रुवारीपर्यंत नेमानं फिरायला गेलात आणि जूनमध्ये ते बंद पडलं. फेब्रुवारीपर्यंत शेजारीण सोबत होती, मग ती गावाला गेली, मग पाऊस आला. तर यंदाचा संकल्प ‘रोज चालणार’ असा नको. सोबत कोणाची आणि पावसाळ्यात कुठे, ते आधी ठरवा. चिकाटी कमी पडली असा शिक्का मारून नवे बूट आणण्यापेक्षा हे स्वस्तही पडतं.

आणि २१ दिवसांत सवय लागते, यावर भिस्त ठेवू नका. लंडनमधल्या २०१० च्या एका अभ्यासात सवय अंगवळणी पडायला साधारण ६६ दिवस लागतील असं दिसलं. कोणाला १८, तर हिशेबाप्रमाणे कोणाला २५४.

राहिला ता. क. मुहूर्त कोणताही चालेल. अमेरिकेत २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आठवड्याच्या, महिन्याच्या, वर्षाच्या सुरुवातीला आणि वाढदिवसानंतरही विद्यापीठाच्या व्यायामशाळेत वर्दळ वाढलेली आढळली. तेव्हा जानेवारी हुकला तर पाडवा आहे, पाडवा हुकला तर येणारा सोमवार. अपवाद निघाला तो फक्त एकविसाव्या वाढदिवसाचा. तिकडे त्या वयाला दारू पिण्याची कायदेशीर मुभा मिळते.