हात सुयांवर, कान मुलांकडे

पालकहो, मोठ्या आजारातून उठलेल्या माणसाला भेटायला येणारा प्रत्येक जण निघताना दारात एकच वाक्य बोलतो, ‘आता फक्त आराम करायचा हं, कसलंही टेन्शन घ्यायचं नाही.’ बोलणाऱ्याची माया खरी असते. पण दार लागलं की आत काय असतं ते तुम्हा-आम्हाला ठाऊक आहे. विम्याचा अडलेला कागद असतो, घराचा हप्ता असतो, शाळेचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप दिवसभर वाजत असतो. अंग गादीवर आणि डोकं घरभर हिंडतंय, याला आराम कसं म्हणायचं?

माझी स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झाली आणि पाठोपाठ केमोथेरपी सुरू झाली, तेव्हा आमच्याकडे सगळं एकदमच आलं होतं. नवऱ्याच्या कंपनीत माणसं कमी करणं चाललेलं. गावच्या घराच्या वाटणीवरून दोघा भावांचं बोलणं बंद. सासूबाई माझ्या मदतीला आलेल्या, पण त्यांचेच गुडघे दुखायचे, शिवाय आपल्या दोन्ही मुलग्यांचं गाऱ्हाणं ऐकता ऐकता त्या अर्ध्या व्हायच्या. आठवीतली मुलगी अबोल झाली होती. सहा वर्षांचा धाकटा माझ्या गाउनचं टोक सोडत नव्हता. पडल्या पडल्या मला बंद दाराआडचं प्रत्येक वाक्य ऐकू यायचं आणि उठून मध्ये पडण्याचं बळ नसायचं.

अशात माझी मावशी आली. तिच्या पिशवीत कायम कुणाचा ना कुणाचा बाळंतविडा असतो, म्हणजे टोपडी, मोजे, झबली, दुपटी. आपल्याकडे लोकर घरात येते ती बहुधा बाळाच्या निमित्तानंच. मला मात्र तिनं सुती धाग्याचा गुंडा आणि सात नंबरच्या जाड सुया दिल्या. तीस टाके घालून दिले आणि म्हणाली, ‘सगळ्या ओळी सुलट विण. याचं काय होणार ते विचारू नकोस.’

जाड सुया द्यायला कारण होतं. केमोच्या काही औषधांनी बोटांच्या टोकांना मुंग्या येतात, कधी ती बधिर होतात. बारीक सुई मग हातात राहत नाही. सुरुवातीला माझे टाके गळायचे, तीसचे सत्तावीस व्हायचे आणि मध्येच एकतीस. तरी हात थांबले नाहीत, कारण काम सोपं होतं. सुई घालायची, धागा घ्यायचा, नवा टाका ओढून घ्यायचा, जुना सोडून द्यायचा. ओळ संपली की काम फिरवून धरायचं आणि पुन्हा एकपासून मोजायचं. मोजणारं मन त्याच वेळी हप्त्याचं गणित करू शकत नाही, आणि केलंच तर टाका चुकतो. विचार यायचे थांबले असं नाही, पण ते ओळीच्या शेवटापर्यंत ताटकळायचे. तेवढ्यात श्वास कधी लांब व्हायचा ते मला कळायचंही नाही.

हे माझं एकटीचं खूळ नव्हे. हार्वर्डचे हृदयविकारतज्ज्ञ हर्बर्ट बेन्सन यांचं ‘द रिलॅक्सेशन रिस्पॉन्स’ हे पुस्तक १९७५ साली आलं. तोच शब्द किंवा तीच हालचाल पुन्हा पुन्हा करत राहिलं आणि मध्ये येणाऱ्या विचारांशी झुंजत बसलं नाही, तर हृदयाची गती आणि श्वास संथ होतात, हे त्यांनी आयुष्यभर मांडलं. जपमाळ ओढणाऱ्या आपल्या आजीला यात नवीन काही वाटणार नाही. २००९ साली कॅनडातल्या डॉक्टरांनी, खाण्याच्या गंभीर विकारासाठी रुग्णालयात असलेल्या ३८ जणींना विणकाम शिकवलं. त्यांतल्या ७४ टक्के जणींनी सांगितलं, की आजाराची भीती आणि मनात घोळणारे तेच ते विचार त्यामुळे सौम्य झाले. २०१३ मध्ये एका ब्रिटिश नियतकालिकात साडेतीन हजारांहून अधिक विणणाऱ्यांची पाहणी प्रसिद्ध झाली. जे वारंवार विणतात त्यांना जास्त शांत आणि आनंदी वाटतं, असं त्यात दिसलं. अर्थात ही मूळचीच विणकामाची आवड असलेली माणसं होती. त्यामुळे ‘विणा आणि बरे व्हा’ असं या आकड्यांवरून कुणी सांगू लागलं, तर ऐकू नका. मला बरं केलं ते औषधांनी. विणकामानं बरं होण्याचा तो काळ सोसता आला.

पण मला तुमच्याशी जे बोलायचंय ते पुढचंच आहे. विणायला लागल्यावर मुलं जवळ येऊन बसू लागली.

आजारी आई नुसती पडून असते तेव्हा मुलांना काय करावं ते सुचत नाही. जवळ गेलं तर तिला त्रास होईल, नाही गेलं तर वाईट दिसेल. आणि आई त्यांना जवळ बोलावते तेव्हा बहुतेक वेळा प्रश्न विचारायला बोलावते. जेवलास का, अभ्यास झाला का, अशी गप्प का तू? समोरासमोर बसवून, डोळ्यांत बघून विचारलेल्या प्रश्नाला आठवीतलं मूल ‘काही नाही’ याखेरीज उत्तर देत नाही. तेच आईचे डोळे सुयांवर असले की मुलाला मोकळं वाटतं. आपल्यावर कुणाची नजर नाही, पण शेजारी माणूस आहे. गाडीतून जाताना किंवा एकत्र शेंगा सोलताना मुलं बोलतात, त्यामागं हेच कारण असावं.

एका संध्याकाळी मुलगी माझ्या पायांशी बसून गुंड्यातला धागा सोडवून देत होती. वर न बघता तिनं विचारलं, ‘आई, तू मरणार आहेस का?’

मी सुया खाली ठेवल्या नाहीत. हातातला टाका पुरा केला, पुढचा घेतला आणि म्हटलं, ‘डॉक्टर म्हणतात औषध लागू पडतंय. पुढचं सगळं त्यांनाही सांगता येत नाही. पण मला जे कळेल ते तुला सांगेन, तुझ्यापासून लपवणार नाही.’ ती बराच वेळ धागा सोडवत राहिली. मग हळूहळू एकेक बाहेर आलं. वर्गातली एक मुलगी म्हणाली होती, की कॅन्सर म्हणजे संपलंच. काकांचा फोन आला की बाबांचा आवाज चढतो, म्हणून ती कानांत इअरफोन घालून बसायची. आणि माझा आजार तिच्याच कुठल्याशा हट्टामुळे झाला, असं तिनं मनाशी धरलं होतं. हे शेवटचं ऐकून माझे हात थरथरले. त्या ओळीत दोन टाके गळले. ते नंतर क्रोशाच्या सुईनं उचलता आले.

मुलांना आजाराचं नाव सांगा, पालकहो. त्यांच्या वयाला पेलेल एवढंच सांगा, पण खरं सांगा. आपण सांगितलं नाही तर मुलं स्वतःच कारण शोधतात आणि ते कारण बहुधा ‘मी’ असतं. घरातल्या भांडणाचंही तसंच. वाटणी, नोकरी, पैसे यांतलं काहीही त्यांच्यापासून पूर्ण लपत नाही. ‘बाबा आणि काकांचं घरावरून पटत नाहीये, ते मोठी माणसं सोडवतील, तुला कुणाची बाजू घ्यायची नाही,’ एवढं ऐकलं तरी मूल सुटतं.

विणकामाचा आणखी एक उपयोग मला संसारात झाला. कुणी काही लागेल असं बोललं, की मी म्हणायची, ‘एवढी ओळ संपू दे.’ तीस टाक्यांची ओळ म्हणजे फार तर दोन मिनिटं. पण त्या दोन मिनिटांत जिभेवर आलेलं अर्धं वाक्य गिळलं जातं आणि उरलेलं अर्धं बरं निघतं. वाटणीचा प्रश्न यानं सुटला नाही. तो वकिलाकडे जाऊन, कागद करूनच सुटला. पण तोवर जेवणाच्या पानांवर तो विषय निघाला नाही, हेही मुलांच्या दृष्टीनं पुष्कळ होतं.

एक सावधगिरी मात्र हवी. सुयांची भिंतही होऊ शकते. घरातलं काही ऐकायचं नाही, कुणाला उत्तर द्यायचं नाही म्हणून विणत बसलं, तर मुलांना ते लगेच कळतं. आमचा धाकटा एकदा म्हणाला, ‘आई, बघ ना,’ आणि मी मान डोलावली, तर त्यानं गुंडाच पळवला. त्याचं बरोबर होतं. ‘बघ’ म्हटलं की सुया खाली, हा तेव्हापासून आमच्याकडचा नियम. सगळ्या सुलट ओळींच्या विणीचा हा फायदा आहे, ती कुठंही अर्ध्यात सोडता येते.

आता बाबांशी थोडं. ‘हे बायकांचं काम’ म्हणून पान उलटू नका. दक्षिण अमेरिकेत पेरू देशात टिटिकाका सरोवरातलं टाकीले नावाचं बेट आहे. तिथं रंगीत टोप्या पुरुषच विणतात, मुलगे लहानपणापासून ते शिकतात, आणि तिथल्या वस्त्रकलेला युनेस्कोनं २००५ साली मानवजातीचा वारसा म्हणून गौरवलं. २०२१ मध्ये झालेल्या टोकियो ऑलिंपिकमध्ये ब्रिटनचा टॉम डेली डायव्हिंगचं सुवर्णपदक जिंकल्यावर प्रेक्षकांत बसून विणत होता, तेव्हा तो एका लहान मुलाचा बाप होता. आणि आपल्याकडे डॉ. अनिल अवचट. १९८६ साली त्यांनी आणि डॉ. सुनंदा अवचट यांनी पुण्यात ‘मुक्तांगण’ हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं. रोज माणसांची दुःखं ऐकणाऱ्या या माणसाच्या हातात सतत काही ना काही असायचं. ओरिगामीचा कागद, कोरायचं लाकूड, बासरी. सुनंदाताई १९९७ साली कर्करोगानं गेल्या, तरी अवचटांचे हात चालूच राहिले. ‘छंदांविषयी’ हे त्यांचं पुस्तक बरं होऊ पाहणाऱ्या प्रत्येक घरात असावं. व्यसनातून किंवा हृदयविकारातून सावरणाऱ्या बाबांना संध्याकाळचे रिकामे तास कसे अंगावर येतात, ते त्यांनाच माहीत. त्या तासांना हात गुंतवणारं काहीतरी द्या. सुया नको असतील तर लाकूड घ्या, कागद घ्या.

सुरुवात करणार असाल तर थोडं कामाचं. धागा फिका आणि मध्यम जाडीचा घ्या, काळ्या धाग्यावर टाके दिसत नाहीत. उन्हाळ्यात लोकर हाताला चिकटते, तेव्हा सुती धागाच बरा. केस गेलेल्या डोक्यासाठी टोपी विणायची असेल तरी सुतीच, खरखरीत लोकर टाळूला टोचते. सुया सात किंवा आठ नंबरच्या, बांबूच्या मिळाल्या तर उत्तम, कारण त्यावरून टाके पटकन घसरत नाहीत. स्वेटरनं सुरुवात करू नका. हातरुमालाएवढे चौकोन विणा आणि जमले की जोडून पांघरूण करा. काखेतल्या गाठी काढल्या असतील तर हात उशीवर टेकवा, पंधरा-वीस मिनिटांनी थांबा, आणि हात सुजला किंवा जड वाटला तर डॉक्टरांना किंवा फिजिओथेरपिस्टना दाखवा. बिघडलं तर उसवा, उसवलेला धागा पुन्हा विणता येतो. आणि नातेवाइकांच्या ऑर्डरी अजिबात घेऊ नका. ‘माझ्या नातवालाही एक कर की’ असं कुणी म्हटलं, की तारीख आली आणि तारीख आली की शांतता गेली.

विणकाम कुठं पुरत नाही तेही सांगते. दोन आठवड्यांहून अधिक काळ मन खाली राहिलं, झोप गेली, मुलांचा आवाजही नकोसा झाला, जगूच नये असं वाटू लागलं, तर सुया बाजूला ठेवा आणि मदत मागा. सरकारची ‘टेलिमानस’ सेवा १४४१६ या क्रमांकावर मोफत आहे आणि तिथं मराठीत बोलता येतं. घरात मारहाण किंवा छळ असेल, तर शांत राहून सोसण्यासाठी हा छंद नव्हे. तिथं बाहेर पडून बोलावंच लागतं.

राहता राहिली घरातली बाकीची मंडळी. बरं होणारं माणूस विणायला बसलं, की ‘किती झालं?’, ‘याचं काय करणार?’, ‘विकत स्वस्त पडलं असतं’ ही तीन वाक्यं बोलायची नाहीत. मुलांना हाकलायचं नाही, ती शेजारी बसली तर बसू द्यायची. वाटणीचे, हप्त्याचे फोन तेवढा वेळ गॅलरीत जाऊन घ्यायचे. आणि संध्याकाळचा चहा त्या दिवशी दुसऱ्या कुणीतरी टाकायचा. आमच्याकडे तो सासूबाईंच्या देखरेखीखाली नवरा टाकतो, आल्याचं प्रमाण अजून चुकतं, पण त्यावर मी ओळ संपल्यावरच बोलते.