कूलंट आटतंय, पण गळती दिसत नाही

प्रश्न : माझी पेट्रोल कार नऊ वर्षांची आहे. खंबाटकी घाट चढताना तापमानाचा काटा वर जातो. खाली थेंबही गळत नाही, तरी कूलंट कमी होतं. मी बोअरचं पाणी भरतो. चालेल का?

उत्तर : बोअरचं पाणी आधी बंद करा. गिझरच्या कॉइलवर पांढरा थर बसतो ना, तोच रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतो. शिवाय कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं असेल, तर झाकणाच्या दाबाखाली ते मिश्रण १२५ अंशांच्या आसपास उकळतं. नुसतं पाणी त्याआधीच. ‘आपल्याकडे बर्फ कुठे पडतो’ म्हणून कूलंट टाळणारे विसरतात, की गंज रोखणारी रसायनंही त्यातच असतात.

आता आटण्याचं. कधी दोषी नुसतं रेडिएटरचं झाकण असतं, रबर कडक होऊन वाफ निसटते. ते आधी बदला, स्वस्तात सुटाल. तरीही आटलं, तर संशय हेड गॅस्केटवर. गार इंजिनाच्या ऑइलचं झाकण उघडून आतून बघा. दुधाळ साय दिसली, तर ऑइलमध्ये पाणी गेलेलं असू शकतं. (फक्त जवळच्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीतही पावसाळ्यात थोडी साय धरते.) तापलेल्या इंजिनातूनही गोडसर वासाचा पांढरा धूर येत राहिला, तर मेकॅनिककडून प्रेशर टेस्ट करून घ्याच.

घाटात काटा लाल रेषेला टेकला, तर गाडी बाजूला घेऊन इंजिन बंद करा. ‘वरपर्यंत पोचू’ या हट्टात ॲल्युमिनियमचं हेड वाकतं. आणि गरम असताना रेडिएटरचं झाकण अजिबात उघडू नका.