लायब्ररी अपलोड करण्याआधी

चि. सई हिस,


डेबियनमध्ये कुणी वाली न उरलेली एक लायब्ररी तू सांभाळायला घेतलीस, हे वाचून फार आनंद झाला. पॅकेज लॅपटॉपवर बिल्ड झालं, पॅकेज तपासणाऱ्या लिंटियननेही तक्रार केली नाही, मग आता अपलोड करायला हरकत नाही ना, असं तू विचारतेस. हरकत आहे. बिल्ड होणं ही लायब्ररीच्या कामाची नुसती सुरुवात आहे.

एखादा खेळ किंवा एडिटर बिघडला, तर वापरणारा त्याच नावाने बग नोंदवतो. लायब्ररीचं तसं नसतं. ती बिघडली की कोसळतो तो दुसऱ्याच कुणाचा प्रोग्राम, आणि तो वापरणाऱ्याला तुझ्या पॅकेजचं नावही ठाऊक नसतं. म्हणून आधी तुझ्या लायब्ररीवर कोणकोण विसंबून आहे, ती यादी काढ आणि पूर्ण वाच. पुढचं सगळं मी त्या यादीतल्यांच्या वतीने सांगतो आहे.

पहिली गोष्ट सोनेमची, म्हणजे लायब्ररीत नोंदलेल्या आकड्यासकटच्या नावाची. त्यातला आकडा पॅकेजच्या नावात उतरतो, जसा लिबसी6 मधला 6. आकडा तोच आहे तोवर आधी कंपाइल झालेले प्रोग्राम पुढेही चालतील, असा तो दिलेला शब्द असतो. अपस्ट्रीमने, म्हणजे लायब्ररी मुळात लिहिणाऱ्यांनी, तो पाळला की नाही, हे तू तपासायचं. एखादं फंक्शन नाहीसं झालं, तर सिम्बॉल्सच्या फाइलमुळे बिल्ड तिथेच अडेल. पण त्या फाइलला कळतात ती नावं. स्ट्रक्चरच्या मधोमध नवं फील्ड घुसवलं, तर नावं जागच्या जागी राहतात आणि जुना प्रोग्राम मात्र भलत्याच ठिकाणचा डेटा वाचतो. त्यासाठी जुनी-नवी लायब्ररी अ‍ॅबीडिफने ताडून बघ. आकार बदलण्याचं मोठं उदाहरण बघ: 32 बिटांतली सेकंदांची मोजणी 19 जानेवारी 2038 रोजी संपणार, म्हणून 2024 मध्ये आर्मएचएफसारख्या आर्किटेक्चरवर वेळेचा आकडा 64 बिटांचा केला गेला. फंक्शनांची नावं तीच राहिली, आकार बदलला. तेवढ्यासाठी शेकडो लायब्ररींच्या पॅकेजांना टी64 हे शेपूट लावून त्यांच्यावरचे प्रोग्राम पुन्हा बिल्ड करावे लागले. इतकी खटपट झाली, ती दिलेला शब्द मोडू नये म्हणून.

आता टेस्ट. अपस्ट्रीमच्या टेस्ट सोर्सच्या झाडातच चालतात, तिथल्याच हेडर फाइल वापरतात. त्या पास झाल्या म्हणून इन्स्टॉल केलेलं पॅकेज चालतं असं होत नाही. एसबिल्डच्या कोऱ्या वातावरणात बिल्ड कर. तुझ्या लॅपटॉपवर पूर्वीपासून पडून असलेल्या गोष्टी तिथे मदतीला येत नाहीत. मग ऑटोपीकेजीटेस्टसाठी दहा ओळींचा सी प्रोग्राम लिही, जो फक्त हेडर फाइलींचं डेव्ह पॅकेज इन्स्टॉल करून कंपाइल होतो आणि चालतो. डेव्ह पॅकेजची एखादी डिपेंडन्सी राहून गेली असेल, तर इथे हमखास सापडते. एस390एक्स आर्किटेक्चरवर टेस्ट पडली, तर ती वगळून पुढे जाऊ नकोस. तिथे बाइटांचा क्रम उलटा असतो आणि तसली पडझड पुष्कळदा कोडातला खरा दोष दाखवत असते.

टेस्ट पास होऊनही काय हुकू शकतं हे कळायला, 2006 साली डेबियनच्या ओपनएसएसएल या एन्क्रिप्शनच्या लायब्ररीत काय झालं, ते तू नीट समजून घ्यावंस. व्हॅलग्राइंडसारखी साधनं कोऱ्या मेमरीच्या वापराबद्दल वॉर्निंग देत होती. ती बंद करण्यासाठी दोन ओळी काढल्या गेल्या. त्यांतल्या एका ओळीवरच आकड्यांचा यादृच्छिकपणा अवलंबून होता. अपस्ट्रीमकडे विचारणा झाली होती, पण पॅच त्यांनी तपासून स्वीकारलेला नव्हता. त्यानंतर किल्ल्या तयार करताना बदलत राहणारी गोष्ट जवळपास एकच उरली, प्रोसेसचा क्रमांक, म्हणजे फार तर 32,768 शक्यता. लुसियानो बेलो यांनी हे शोधलं आणि मे 2008 मध्ये ते जाहीर झालं. मधल्या काळात एन्क्रिप्शन चालत होतं, लॉगिन होत होतं, एकही टेस्ट पडली नाही.

याच्या शेजारी मार्च 2024 ठेव. एक्सझेड या फाइली आक्रसणाऱ्या साधनाच्या 5.6.0 आणि 5.6.1 मध्ये चोरदरवाजा लपवला होता. त्याचा ऐवज टेस्टच्या म्हणून ठेवलेल्या बायनरी फाइलींत होता, आणि तो बाहेर काढणारी ओळ फक्त रिलीजच्या टारबॉलमध्ये होती, गिटमध्ये नव्हती. आंद्रेस फ्रॉइंड यांना डेबियन सिड या अस्थिर शाखेवर एसएसएच लॉगिन सुमारे अर्ध्या सेकंदाने रेंगाळल्याचं दिसलं आणि एक्सझेडच्याच लिबएलझेडएमए लायब्ररीबद्दल व्हॅलग्राइंडच्या तक्रारीही दिसल्या. त्यांनी या दोन्हींचा माग काढला. तो कोड सिड आणि टेस्टिंगपर्यंत पोहोचला होता, स्टेबलमध्ये गेला नाही. एकाच साधनाची कुरकुर एकदा मिटवली गेली आणि एकदा ऐकली गेली. तू वॉर्निंग मिटवशील, तेव्हा ती का येत होती हे तुला एका परिच्छेदात लिहिता यायला हवं, आणि तो परिच्छेद पॅचसकट अपस्ट्रीमला गेलेला हवा. टारबॉल गिटशी ताडून बघ. टेस्टच्या बायनरी फाइली कशा तयार झाल्या, हेही विचार.

तुझी लायब्ररी मजकूर शोधण्याच्या कामाची आहे, तर एक टेस्ट तूच लिही, कारण ती दुसऱ्या कुणाला सुचणार नाही. ‘दऱ्या’ आणि ‘दर्या’ हे शब्द वेगळे निघाले पाहिजेत. युनिकोडमध्ये ऱ चं विघटन र आणि नुक्ता असं होतं. उर्दूतून आलेल्या शब्दांसाठी म्हणून जी लायब्ररी शोधताना नुक्ते गाळते, ती डोंगरातल्या दऱ्यांचा समुद्र करून टाकते. बर्लिनमध्ये बसलेल्या अपस्ट्रीमवाल्याला हे कळायला मार्ग नाही. त्याला दोन्ही शब्दांचे कोडपॉइंट, अपेक्षित उत्तर आणि मिळालेलं उत्तर असं लिहून पाठव.

नव्या आवृत्तीत सोनेम बदलला असेल, तर सिडला हात लावू नकोस. आधी एक्सपेरिमेंटलमध्ये टाक. पॅकेजचं नाव नवं असल्याने ते नव्या पॅकेजांच्या न्यू या रांगेत थांबेल, आणि तिथे कॉपीराइटची फाइल बारकाईने वाचली जाते, म्हणून ती करताना प्रत्येक सोर्स फाइलचा माथा स्वतः वाच. रांगेत वेळ जाईल तेवढ्यात विसंबून असलेली सगळी पॅकेजं नव्या आवृत्तीवर बिल्ड करून बघ, जी पडतील त्यांच्या मेंटेनरांना बग नोंदवून पॅच दे, आणि मगच रिलीज टीमकडे ट्रान्झिशन माग. अ‍ॅबीडिफचा निकाल आणि सिम्बॉल्सची फाइल मला रविवारच्या आत पाठव, म्हणजे आपण दोघं बसून बघू.

तुझा,
मामा